बैठकीत गप्प, जिन्यावर बोलके



ज्या कार्यालयात माझी ३३ वर्षांची नोकरी झाली, ते जांभ्या दगडाच्या, मंगलोरी कौलांच्या जुन्या इमारतीत होतं. वरच्या मजल्यावर साहेबांची खोली आणि बैठकीचं लांब टेबल. खाली आम्हा सगळ्यांची टेबलं. मध्ये लाकडी जिना. दर सोमवारी अकरा वाजता वर बैठक असे. शेवटी साहेब विचारत, "कुणाला काही म्हणायचंय?" कुणालाच काही म्हणायचं नसे. माना हलत, चहा होई, बैठक संपे. आणि मग जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीवर खरी बैठक भरे. हे काम होणारच नाही, साहेबांच्या डोक्यात हे भरवलं कुणी, त्यानंच भरवलं असणार, परवा बंद दाराआड अर्धा तास होता ना तो. ज्याच्याविषयी हे चाललेलं असे, तो मागून उतरताना दिसला की बोलणं थांबे आणि कुणीतरी त्यालाच हसून विचारी, "काय, मुलीचं अ‍ॅडमिशन झालं का?"

संयोजकांनी आजच्या भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं की मला त्या जिन्याविषयी बोलायचं आहे.

नोकरी करणारा माणूस जागेपणीचा मोठा भाग घरच्या माणसांबरोबर काढत नाही, सहकाऱ्यांबरोबर काढतो. तिथे कुणावर विश्वास टाकावा हे कळेनासं झालं, की माणूस आतून खचत जातो. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. मी चांगली हुशार, हसती माणसं या गोळ्यापायी रजेवर गेलेली पाहिली आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या चाळिशीच्या आत सुरू झालेल्या पाहिल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउट या अवस्थेची जी व्याख्या दिली, तिच्यात त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, असं म्हटलं आहे. म्हणजे प्रश्न फक्त थकलेल्या माणसाचा नाही, तो ज्या जागेत थकला त्या जागेचाही आहे.

आपल्या भाषेला हे दुखणं जुनंच ठाऊक आहे. चहाडी, चुगली, लावालावी, कान भरणं, कळ लावणं, पाचर मारणं, गोड बोलून काटा काढणं, केसानं गळा कापणं. इतके शब्द ज्या गोष्टीला आहेत, ती गोष्ट घरोघरी आणि कचेरीकचेरीत घडत आलेली असणार. शेवटचा शब्दप्रयोग मला सगळ्यांत नेमका वाटतो. सुरी दिसते, केस दिसत नाही. रक्त आलं तरी कापलं कशानं हे कुणाला दाखवता येत नाही. दुतोंडी सहकाऱ्याविरुद्ध तक्रार करायला गेलेल्या माणसाची नेमकी हीच अडचण होते. तो जे सांगतो ते ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटतं. "तुम्ही फार मनाला लावून घेता" हे वाक्य त्याला ऐकावं लागतं, आणि ते ऐकून तो दुसऱ्यांदा जखमी होतो.

एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, आणि मला तिचा मनापासून राग आहे. खेकड्यांच्या टोपलीची. मराठी माणसाच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात, अशी ती गोष्ट. आपण ती टाळ्या वाजवत ऐकतो. आपण रत्नागिरीची माणसं आहोत, मिरकरवाड्याला जाऊन कुर्ल्या घेतो. तिथे नांग्या दोरीनं बांधलेल्या असतात. मोकळी कुर्ली हाताला लागेल ते धरते, दुसऱ्या कुर्लीची नांगी असो की टोपलीची कड. ती मत्सरानं ओढत नाही, ती घाबरलेली असते आणि आधार शोधत असते. त्या गोष्टीत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. त्यांना टोपलीत भरलं कुणी? कार्यालयात माणसं एकमेकांचे पाय ओढतात तेव्हा आपण स्वभावाला, जातीला, गावाला, 'मराठी वृत्तीला' दोष देतो. पण सात माणसांत एकच बढती, तीही कुणाला का मिळाली हे कधी न सांगता, अशी जागा बनवली की तिथे देवमाणूससुद्धा साहेबांच्या दाराकडे कान लावून बसायला लागतो.

तरीही सगळा दोष टोपलीवर टाकून मोकळं होता येत नाही. त्याच टोपलीत काही माणसं वेगळं वागतात. अशा माणसांचा एक मोठा दाखला आपल्याच मातीतला आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शिक्षक होते आणि त्यांची बदली इथल्या, रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली होती. त्यांच्या 'निबंधमाला' या मासिकातल्या लेखनावर वरिष्ठांची मर्जी नव्हती. १८७९ साली त्यांनी ती नोकरी सोडली, आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. बरोबर बाळ गंगाधर टिळक होते, १८५६ साली याच गावात जन्मलेले. ते जन्मघर टिळक आळीत आपण जपून ठेवलं आहे. महादेव बल्लाळ नामजोशी होते, वामन शिवराम आपटे होते, आणि थोड्याच काळात एम. ए. होऊन गोपाळ गणेश आगरकर आले, जे लहानपणी शिक्षणासाठी वणवण करताना काही काळ रत्नागिरीलाही येऊन गेले होते. १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. तिशीही न ओलांडलेली ही माणसं. सरकारी नोकरीत कितीतरी अधिक मिळालं असतं, ते सोडून बेताच्या पगारावर वीस वीस वर्षांची सेवा त्यांनी कबूल केली होती.

१८८२ साली कोल्हापूरच्या दिवाण बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. ते का गेले, हे आजच्या विषयाच्या दृष्टीनं फार बोलकं आहे. दिवाणांनी लिहिलेली म्हणून जी पत्रं त्यांच्या हाती आली, त्यांच्या भरवशावर या दोघांनी दिवाणांविरुद्ध छापलं. पत्रं बनावट निघाली. ज्यांची नावं अंकावर होती, त्यांनी शिक्षा भोगली. १०१ दिवस. त्या दिवसांची हकिकत आगरकरांनी लिहिली आहे. एका खोलीत दोघं रात्र रात्र वाद घालत, आवाज इतका चढे की पहारेकऱ्यांना येऊन दटावावं लागे. या दोन मित्रांचं नातं समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. त्यांचं पटत नव्हतं, आणि ते एकमेकांना मोठ्यानं सांगत होते.

पुढे ते बिनसलं. कारणं बरीच होती. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकारण हा वाद होताच, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तोच येतो. पण सोसायटीच्या आत जे चाललं होतं ते अगदी आपल्या कार्यालयांतल्यासारखं होतं. पगार किती, वाढ कुणाला आणि का, आजीव सदस्यानं बाहेरचं काम करावं की नाही, बाहेरून मिळालेला पैसा स्वतःचा की संस्थेचा. टिळकांचं म्हणणं, आपण जेझुइट पाद्र्यांसारखे राहायचं ठरवलं होतं, सगळा वेळ आणि सगळी मिळकत संस्थेची. इतरांचं म्हणणं, घरसंसार आहे, वर्गातलं काम चोख केल्यावर उरलेला वेळ आमचा. मला दोन्ही बाजू समजतात. दम्यानं बेजार झालेल्या आगरकरांना पैशाची गरज होती, हे समजायला फार कल्पना लागत नाही. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. १८९० साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तेव्हा बाहेरच्या कामाचा तो जुना वाद पुन्हा पेटला. गोखलेही आपलेच, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे.

त्या वर्षाच्या डिसेंबरात टिळकांनी सविस्तर राजीनामा दिला. तो राजीनामा म्हणजे एक लांबलचक निवेदन आहे. संस्था कशासाठी काढली, कुठे वाट सोडली, कुणी कधी काय केलं, सगळं क्रमानं, नावानिशी, आणि ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्याच हाती दिलेलं. भाषा कडक आहे. आणि त्याच पत्रात स्वतःविषयीही लिहिलं आहे की, आपला मोठा दोष म्हणजे आपली धारदार, बोचरी भाषा, आणि डिवचल्यावर आपला तोल जातो. दहा वर्षं एकत्र काढलेल्या माणसांना शेवटचं पत्र लिहिताना स्वतःचा दोष त्यात घालणं किती अवघड असेल, हे ज्यांनी असं पत्र लिहायला घेऊन फाडून टाकलं आहे त्यांना कळेल. मी फाडलं आहे.

मला या माणसांची देवघरातली मूर्ती करायची नाही. त्यांच्या वादात मत्सर नव्हता, मानापमान नव्हता, गट नव्हते, असं मी म्हणणार नाही. 'केसरी' आणि 'सुधारक' एकमेकांवर जे लिहीत, त्यातलं काही आज वाचवत नाही. आगरकर जिवंत असताना पुण्यात लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. पण टिळकांना आगरकर काय म्हणतात हे कळायला जिन्यात कान द्यावा लागत नव्हता. ते 'सुधारका'त छापून येत होतं. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. १९१५ साली गोखले गेल्याचं कळलं तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली आले, स्मशानात गेले, आणि ज्यांच्याशी पाव शतक भांडले त्यांच्यासारखं व्हा, असं तिथे जमलेल्यांना सांगितलं. उघड भांडलेल्या माणसालाच असं उघडपणे रडता येतं. ज्याच्याविषयी आपण आयुष्यभर जिन्यात बोललो, त्याच्या चितेपाशी आपण खरं काय बोलणार?

 

आता याच कहाणीची दुसरी बाजू. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले इंग्लंडमध्ये होते. इकडे पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते. पुण्याच्या स्नेह्यांकडून गोखल्यांना पत्रं गेली. त्यात स्त्रियांवर अत्याचार झाल्याचं होतं. पत्रं लिहिणारी माणसं विश्वासाची होती. गोखल्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला ते सांगितलं. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागण्यात आला. ते पुण्यात हिंडले, पण समोर येऊन आपल्या नावानं सांगायला कुणी तयार होईना. अखेर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मात्र त्यांनी सांगितली नाहीत. त्या माफीबद्दल त्यांची फार निर्भर्त्सना झाली, आणि ती त्यांना वर्षानुवर्षं पुरली.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. तरुणपणी मला त्या पत्रलेखकांचा राग यायचा. आता तसा सरसकट येत नाही. प्लेगच्या बंदोबस्ताचे अधिकारी रँड यांच्या खुनानंतरचं पुणं होतं ते. नाव पुढे केलं तर काय होईल याची भीती खरी होती. ज्या घरातल्या बाईवर प्रसंग गुदरला असेल, त्या घरानं तोंड उघडलं नाही, यात दुतोंडेपणा कसला? म्हणून दोन प्रकारचं गप्प राहणं वेगळं काढलं पाहिजे. एक गप्प राहतो कारण बोललं तर त्याची भाकरी जाईल, अब्रू जाईल. दुसरा गप्प राहतो कारण गप्प राहण्यात त्याचा फायदा असतो. पहिल्याला आधार द्यायचा असतो. दुसऱ्याला बैठकीत नाव घेऊन विचारायचं असतं, "तुम्ही काल मला हेच म्हणालात, आज इथे म्हणाल का?"

टिळक राजीनामा देऊ शकले, कारण ते वकिलीची परीक्षा झालेले होते. कायद्याचे वर्ग चालवून त्यांनी घर चालवलं. कर्जासकट का होईना, हातात वर्तमानपत्रं होती. आज मिरजोळ्याच्या एमआयडीसीत किंवा एखाद्या सरकारी योजनेत अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करणारी मुलगी मला विचारेल, "मॅडम, मी कुठल्या तोंडानं स्पष्ट बोलू? माझी ऑर्डर मार्चमध्ये संपते." तिला मी टिळकांची गोष्ट सांगून परत पाठवू शकत नाही.

अशा माणसासाठी मोठा फरक पडतो तो वरून, नियमानं. याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण गोपनीय अहवालाचं आहे. सरकारी नोकरीतल्या प्रत्येकाला सीआर हा शब्द ठाऊक आहे. वर्षभर साहेब पाठीवर हात ठेवून "छान चाललंय" म्हणत, आणि मार्चनंतर बंद लिफाफ्यात काय लिहीत, ते तुम्हाला कळत नसे. शेरा अगदीच वाईट असेल तरच कळवायचा, असा रिवाज होता. मग सात-आठ वर्षांनी बढतीच्या यादीत नाव नसे, तेव्हा शोध सुरू होई. मी तर म्हणेन की तोंडावर एक आणि मागे एक हा प्रकार आपल्याकडे कागदावर, शिक्क्यानिशी, कायदेशीर करून ठेवलेला होता. २००८ साली देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते बदललं. त्या कर्मचाऱ्याला 'चांगला' असा शेरा होता, पण बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता, आणि 'चांगला' म्हणजे वाईट नाही म्हणून त्याला तो कळवलाच नव्हता. न्यायालयानं सांगितलं, शेरा कसाही असो, प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, म्हणजे माणसाला त्याविरुद्ध बोलता येईल. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात हा बदल मी पाहिला. साहेब लोक शेरे सावधपणे लिहायला लागले. काही जण पहिल्यांदाच बोलावून सांगायला लागले, "तुमचं हे काम मला कमी वाटलं." ऐकताना कान तापत, पण घरी जाऊन झोप लागे.

बाईमाणसाच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ साली विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरींना ही स्थानिक समिती ठाऊकच नसते; सभागृहातल्या प्रत्येकानं घरी जाऊन एकीला तरी सांगावं. पण बाकीचा जो छळ आहे, वाळीत टाकणं, श्रेय लाटणं, मुद्दाम निरोप न देणं, चारचौघांत पाणउतारा करणं, त्यासाठी आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात याचा अभ्यास केला, एकाला टिपून सगळ्यांनी टोचत राहण्याच्या प्रकाराला मॉबिंग म्हटलं, आणि १९९३ साली त्या देशानं त्याविरुद्ध नियम केले. २०१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं कामाच्या जागेतल्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार केला. आपल्याकडेही हे व्हायला हवं, आणि ते मागायला लाज वाटू नये.

तोवर काय करायचं? मी जे केलं आणि जे उशिरा शिकले, तेवढंच सांगते.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी होत्या. आम्ही रोज डबा एकत्र खायचो, त्या माझ्यासाठी सांदण आणायच्या. मी त्यांच्यापाशी जे बोलले, ते दोन दिवसांत वर पोहोचतं, आणि थोडं तिखट होऊन पोहोचतं, हे लक्षात यायला मला दीड वर्ष लागलं. लक्षात आल्यावर मी आधी तेच केलं जे सगळे करतात: चौघींना जाऊन सांगितलं की ही बाई कशी आहे. म्हणजे तिची चुगली मी जिन्यावर केली. त्यानं काहीच सुटलं नाही, उलट आणखी एक गट झाला. शेवटी एका संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी त्यांच्यासमोर बसले आणि एकच प्रसंग काढला. "बुधवारी रजेबद्दल मी फक्त तुमच्याशी बोलले होते. गुरुवारी साहेबांनी ते माझे शब्द मला ऐकवले. मला वाईट वाटलं." स्वभावावर बोलले नाही, 'तुम्ही नेहमीच' म्हणाले नाही. त्या रडल्या, मी नाहीच म्हणाल्या, आठवडाभर अबोला धरला. पण ते थांबलं. आमची मैत्री काही राहिली नाही. काम नीट झालं, पुढली नऊ वर्षं.

त्या दिवसापासून मी स्वतःपुरता एक नेम केला. जे त्या माणसासमोर म्हणायची माझी तयारी नाही, ते त्याच्यामागे म्हणायचं नाही. आणि माझ्याकडे कुणी दुसऱ्याचं घेऊन आलं की शांतपणे विचारायचं, "त्यांना बोलावू का? आपण तिघं बोलू." पहिल्या महिन्यात माझ्या टेबलाशी येणारी माणसं निम्म्यानं कमी झाली. एकटं वाटलं, हे खरं आहे.

वरिष्ठच तसा असेल तर समोर बसून बोलण्याचा हा उपाय चालत नाही, अंगाशी येतो. तिथे कागद कामाला येतो. तोंडी हुकूम आला की त्याच दिवशी दोन ओळींची टिपणी किंवा ईमेल: 'आज सकाळी आपण तोंडी सांगितल्याप्रमाणे मी अमुक काम अमुक पद्धतीनं करत आहे.' त्यात तक्रारीचा सूर नको, फक्त नोंद. सहा महिन्यांनी तोच साहेब "मी असं सांगितलंच नव्हतं" म्हणाला, तर तुमच्याकडे तारीख असते. घरच्या वहीत प्रसंग, दिवस, कोण हजर होतं, हे लिहून ठेवावं. ते लढण्यासाठी उपयोगी पडतं, आणि त्याआधी आपल्याला वेड लागलेलं नाही याची खात्री पटवायला उपयोगी पडतं. संघटना असेल तर तिच्याकडे जावं. बदली मागावी. आणि तब्येत जायला लागली तर ती जागा सोडावी. दुसरी भाकरी शोधायला वेळ लागतो, पण शोधायला सुरुवात केल्याच्या दिवशीच श्वास मोकळा होतो, हे मी दोघांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता जिना भिंतीत राहिलेला नाही, तो खिशात आला आहे. कार्यालयाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, साहेब वगळून दुसरा, आणि तुम्हाला वगळून तिसरा. पहिल्यावर सगळे हात जोडलेली चित्रं टाकतात. बैठक चालू असतानाच तिसऱ्यावर तुमच्या बोलण्याची टिंगल येत असते. यावर मला एकच इलाज परिणामकारक झालेला दिसला आणि तो साहेबाच्या हातात होता. आमच्याकडे शेवटच्या वर्षांत एक अधिकारी आले. बैठकीत ते स्वतःचं मत शेवटी सांगत आणि सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी विचारत. शिपाईमामांनासुद्धा. एकदा एका नव्या मुलानं त्यांच्या योजनेला विरोध केला, खोलीत सगळे गोठले. त्यांनी लिपिकाला सांगितलं, "इतिवृत्तात यांचं म्हणणं यांच्या नावानं लिहा." योजना तशीच मंजूर झाली, विरोधही नोंदला गेला, आणि त्या मुलाला काहीही झालं नाही. पुढच्या सोमवारी तीन जण बोलले.

आता अखेरचं, आणि हे मी आजवर जाहीरपणे बोललेले नाही.

माझ्या नोकरीच्या सातव्या वर्षी आमच्याकडच्या एका ज्येष्ठ बाईंविरुद्ध निनावी अर्ज आला. आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणायचो. मला टाइपिंग, दप्तर लावणं, हिशेब जुळवणं, सगळं त्यांनी शिकवलं होतं. अर्जात त्यांच्या सचोटीवर आरोप होता. तो अर्ज कुणाच्या यंत्रावर टाइप झाला हे मला 'र' अक्षरावरून दिसलं होतं. त्या यंत्राचा 'र' किंचित वर उठायचा. आरोप खोटा आहे हेही मला माहीत होतं, कारण ती बिलं मीच तपासली होती. साहेबांनी बैठकीत विचारलं, "याबद्दल कुणाला काही माहिती आहे का?" मी वहीत बघत राहिले. मला तेव्हा कायम होऊन फार दिवस झाले नव्हते, घरात लहान मूल होतं. मी माझ्या भीतीचं कारण सांगते आहे, समर्थन करत नाही. ताईंची बदली जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला झाली. चौकशीत काही निघालं नाही, पण त्या परत आल्या नाहीत. जिन्यावर मात्र आम्ही सगळ्या हळहळलो. मी सर्वांत जास्त.

निवृत्त झाल्यावर मी त्यांना शोधत गेले. त्या थकल्या होत्या, पडवीत बसून सोलं वाळत घालत होत्या. मला ओळखलं, चहा केला. मी 'र' विषयी सांगितलं, बिलांविषयी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सोलांवरून हात फिरवत विचारलं, "त्या दिवशी बैठकीला तू होतीस? मला आठवत नाही. कुठे बसली होतीस?"

"तुमच्या शेजारीच," मी म्हटलं.